कागदावर आजोबा दिसतात, खुबा दिसत नाही

प्रश्न : आमची जाई ३ वर्षांची लॅब्रॅडोर आहे. पेडिग्रीचे कागद आहेत, स्वभावाने अतिशय गुणी. घरात मी, मिस्टर, १० आणि ७ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. दोनेक महिन्यांत जाई माजावर येईल. मिस्टरांच्या मित्राकडे कागदपत्रं असलेला राजबिंडा नर आहे, त्याला प्रदर्शनात बक्षिसंही मिळाली आहेत. जाईचे वडील हेच त्याचे आजोबा, म्हणजे दोन्हीकडून रक्त एकदम चांगलं. शेजारी म्हणतात, एकदा तरी पिल्लं झाली नाहीत तर पुढे गर्भाशयाचे आजार होतात. सासूबाई म्हणतात, तिलाही आई व्हावंसं वाटत असेल ना! मुलांना पिल्लं जन्मताना बघायची आहेत. सहा जणांनी पिल्लू मागून ठेवलंय, एक आम्ही ठेवू, म्हणजे घरात दुसरी जाईच. तिची तब्येत ठणठणीत आहे, लसी वेळेवर झाल्यात. फक्त सकाळी उठल्यावर चार पावलं जरा आखडून टाकते, मग दिवसभर हुंदडते. ब्रीडिंग करावं का?
– जाईची आई

उत्तर : जाईचं कौतुक वाचताना बरं वाटलं. पण एका वाक्यापाशी मी थांबले आणि ते पुन्हा वाचलं. ‘फक्त सकाळी उठल्यावर चार पावलं जरा आखडून टाकते.’ तुम्ही ते जाता जाता लिहिलंत. मला मात्र तुमच्या सगळ्या प्रश्नाचं उत्तर त्या ‘फक्त’मध्ये दिसतंय, म्हणून आधी त्याबद्दलच बोलते.

३ वर्षांची लॅब्रॅडोर म्हणजे ऐन उमेदीतलं जनावर. झोपेतून उठताना तिने आखडावं असं काही वय नाही. एखाद्या दिवशी पाय मुरगळला असेल, वजन जास्त असेल, हे शक्य आहे. पण विश्रांतीनंतर आखडणं आणि चार पावलं टाकल्यावर मोकळं होणं ही सांध्याच्या दुखण्याची नेहमीची खूण आहे आणि या जातीत पहिला संशय जातो तो खुब्यावर आणि पुढच्या पायांच्या कोपरांवर. खुब्याच्या या दुखण्याला हिप डिसप्लेझिया म्हणतात. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नाही, सैल राहतो, प्रत्येक पावलाला घासतो, आणि मग सांध्यात संधिवात धरतो. कोपराचंही थोड्याफार फरकाने असंच. दोन्ही दुखणी वंशात उतरतात. त्यांच्यामागे एकच जनुक नाही, अनेक आहेत, शिवाय वाढीच्या वयातलं वजन आणि व्यायाम यांचाही हात असतो. त्यामुळे आईबाप दोघंही चांगले असून एखादं पिल्लू दुखरं निघू शकतं. आईच दुखरी असेल तर धोका आणखी वाढतो.

हे मी इतकं आवर्जून का सांगते, तर माझ्याकडे तारा होती. काळी लॅब्रॅडोर, कागद असलेली. पळायची, पोहायची, उड्या मारायची. एक्स-रे काढायला मला कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. एवढी धडधाकट कुत्री, तिचा खुबा कशाला बघायचा? तिला नऊ पिल्लं झाली. ओळखायला सोपं जावं म्हणून मी त्यांच्या गळ्यात रंगीत दोरे बांधले होते. लाल दोऱ्याचा नर एका निवृत्त जोडप्याकडे गेला. तो १४ महिन्यांचा असताना त्यांचा फोन आला, ‘हा हल्ली जिना चढत नाही हो.’ मी भेटायला गेले. मला बघून त्याचं शेपूट फरशीवर आपटायला लागलं. उठायला गेला, पुढचे पाय उभे राहिले, मागचे घसरले. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी त्याने मागचे दोन्ही पाय एकत्र जुळवून सशासारखी उडी घेतली आणि माझ्यापर्यंत आला. दोन्ही खुबे गेलेले होते. पुढची सगळी वर्षं त्याने वेदनाशामकांवर काढली. जिन्यावर ते दोघं त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून त्याला उचलायचे. मला त्यांनी कधी एका शब्दाने बोल लावला नाही.

त्यानंतर मी ताराचा एक्स-रे काढून घेतला. डाव्या खुब्याची खोबण उथळ होती. ती स्वतः जन्मभर न लंगडता जगली आणि तिच्या पिल्लाला जागेवरून उठता येत नव्हतं. ताराने मला कसलीही खूण दाखवली नव्हती. जाई तुम्हाला रोज सकाळी दाखवतेय.

म्हणून माझं मत सरळ सांगते. येत्या माजाला तिला नराजवळ नेऊ नका. आधी खुब्यांचा आणि कोपरांचा एक्स-रे काढा. नेहमीचा घाईत काढलेला एक्स-रे यासाठी चालत नाही. खुब्यासाठी कुत्र्याला उताणं झोपवून मागचे पाय सरळ, एकमेकांना समांतर ताणावे लागतात आणि कंबर जराही तिरकी चालत नाही. म्हणून बहुतेक वेळा गुंगीचं औषध देतात. असे एक्स-रे नेहमी काढणारे डॉक्टर शोधा आणि ‘ब्रीडिंग ठरवायचंय, ग्रेडिंगसाठी (म्हणजे सांध्यांची प्रत ठरवण्यासाठी) हवेत’ असं स्पष्ट सांगा. माजाच्या आसपास संप्रेरकांमुळे सांधे सैल दिसू शकतात, तेव्हा माजाच्या आधीचा आणि नंतरचा महिना टाळलेला बरा. तुम्ही म्हणता दोनेक महिने आहेत, म्हणजे आत्ता वेळ आहे. जाईला दुखत असेल तर उपचारासाठीही हे लवकर कळायला हवं. पिल्लांचा विषय नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितलं असतं.

आता कागदांविषयी. पेडिग्रीचा कागद म्हणजे वंशावळ. आई कोण, बाप कोण, आजोबा-पणजोबा कोण आणि त्यांतलं कोण चॅम्पियन, हे त्यावर असतं. कागद खरा असेल तर त्याला मोल आहेच, कारण वंश माहीत असेल तर त्यातले आजारही शोधता येतात. पण त्या आजोबांचे खुबे कसे होते, पणजीला म्हातारपणी दिसत होतं का, हे कागद सांगत नाही. प्रदर्शनातल्या बक्षिसाचंही तसंच. परीक्षक ठेवण, चाल, डोकं, शेपूट बघतो. त्याला सांध्याच्या आतलं दिसत नाही.

जाईचे वडील आणि त्या नराचे आजोबा एकच, याला तुम्ही जमेची बाजू धरलंय. मला ती काळजीची वाटते. नात्याने जाई त्या नराची सावत्र मावशी किंवा आत्या लागते. हिशोब मांडला तर पिल्लांमधलं अंतःप्रजनन ६.२५ टक्के येतं, सख्ख्या चुलत-मामे भावंडांच्या जोडीइतकं. हेही मागच्या पिढ्यांत आणखी नातं नसेल तरच. शुद्ध जातींमध्ये गाजलेल्या एकाच नराकडून भरमसाट पिल्लं घेतली जातात, त्यामुळे ते बहुतेक वेळा असतंच.

यातला धोका एका उदाहरणावरून लक्षात येईल. लॅब्रॅडोरमध्ये ईआयसी नावाचा विकार आहे. पाच-दहा मिनिटं जोरात पळापळ केली की मागचे पाय लुळे पडतात, कुत्रं कोसळतं, क्वचित दगावतंही. दुसरा पीआरए, त्यात डोळ्यांचा पडदा हळूहळू निकामी होऊन आंधळेपण येतं. ईआयसी आणि या जातीत नेहमी तपासला जाणारा पीआरए, दोन्ही अप्रभावी जनुकांमुळे होतात. सदोष जनुक एकाच बाजूने आलं तर कुत्रं निव्वळ वाहक असतं, बघून काहीही कळत नाही. दोन वाहक एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आता समजा तुमचे ते गाजलेले आजोबा वाहक होते. ते जनुक जाईकडे आलेलं असू शकतं, नातवाकडेही गेलेलं असू शकतं, आणि पिल्लांमध्ये दोन्हीकडून एकत्र येऊ शकतं. गालाच्या आतून घेतलेल्या नमुन्यावर किंवा रक्तावर डीएनए चाचणी होते. एकदा केली की जन्मभराचं उत्तर मिळतं. जोडीतला एक जण पूर्ण निर्दोष असेल तर त्या जनुकाचा आजार असलेलं पिल्लू जन्मत नाही, इतकं हे सोपं आहे. म्हणूनच चाचणी न करता जोडी लावणं मला क्षमा करण्यासारखं वाटत नाही.

तो नर कितीही देखणा असो, जाईसाठी तो नको. मित्राला वाईट वाटेल. वाटू द्या.

शेजाऱ्यांचं म्हणणं बऱ्याच घरांत ऐकू येतं, पण ते खरं नाही. एकदा पिल्लं झाल्याने गर्भाशय कायमचं सुरक्षित होत नाही. त्यांना बहुधा पायोमेट्रा म्हणायचं असावं, म्हणजे गर्भाशयात पू होणं. माज येऊन गेल्यावर साधारण महिना-दोन महिन्यांत हा आजार डोकं वर काढतो, जास्त करून मध्यम वयाच्या आणि उतारवयातल्या कुत्र्यांमध्ये. पिल्लं झालेल्या मादीलाही तो होतो. यावर खात्रीचा उपाय एकच, नसबंदी. ती होईपर्यंत एवढं ध्यानात ठेवा : माज उलटून गेल्यावर जाई अचानक खूप पाणी प्यायला लागली, मलूल झाली, खाईना, किंवा अंगावरून घाण जायला लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका. घाण बाहेर दिसली नाही तरी पू आत साठू शकतो आणि तो प्रकार जास्त धोक्याचा.

सासूबाईंच्या बोलण्यामागे माया आहे. कदाचित त्यांनी जाईला माजानंतर एखादं खेळणं कुशीत घेऊन बसलेलं, ते चाटताना पाहिलं असेल. बऱ्याच माद्या तसं करतात, काहींना दूधही येतं. गाभण नसतानाही माजानंतर शरीरात संप्रेरकांचे चढउतार होतात, त्याचा तो परिणाम, आणि दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. आपल्याला पिल्लं झाली नाहीत याची खंत कुत्री मनात धरते असं मानायला काही आधार नाही. जाईला तुमचा सहवास हवा आणि दुखत नसलेले पाय हवेत, हे त्यांना माझ्या वतीने सांगा.

मुलांना जन्म दाखवायची तुमची इच्छा समजते. म्हणून ताराच्या त्या रात्रीविषयी सांगते. दुपारी तिचं तापमान ३७ अंशांच्या खाली उतरलं, ती चादरी उकरायला लागली, तेव्हाच कळलं की आता चोवीस तासांच्या आत. रात्री ११ ला पहिलं पिल्लू आलं. ३ वाजेपर्यंत सात. दर पिल्लामागे एक वार (नाळेचा गोळा) पडते, ती मी वहीत मांडत होते. मग कळा जोरात यायला लागल्या आणि पिल्लू येईना. अर्धा तास गेला. मी तिला गाडीत घातलं, सात पिल्लं टोपलीत गरम पाण्याच्या पिशवीशेजारी. आठवं अडलं होतं, डॉक्टरांनी ते मेलेलंच बाहेर काढलं. नववं जिवंत निघालं. दुसऱ्या दिवशी हिरव्या दोऱ्याच्या मादीचं वजन ३८० ग्रॅमवरून ३४० वर आलं. पिल्लाचं वजन रोज थोडं तरी वाढायला हवं, घटलं की समजायचं काहीतरी बिनसलंय. दर दोन तासांनी तिला पाजलं, उबेत ठेवलं, कारण पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. चौथ्या दिवशी पहाटे ती माझ्या तळहातावर गेली. तिचं तोंड तेवढं उघडत-मिटत होतं. नऊ झाली, सात वाढली. यात विपरीत काही नव्हतं, चांगल्या सांभाळलेल्या वेतातही एखादं जातंच. तुमच्या ७ वर्षांच्या मुलाला हे दाखवायची तयारी आहे का, आणि मुख्य म्हणजे जाईलाच काही झालं तर? शस्त्रक्रिया करावी लागते, कधी दूध पाजताना रक्तातलं कॅल्शियम उतरून मादीला झटके येतात. मुलांचा हट्ट हे कारण या सगळ्यासमोर मला फार लहान वाटतं. त्यांना पिल्लं हाताळायचीच असतील तर सोडून दिलेल्या कुत्र्यांचा सांभाळ करणाऱ्या संस्थांना गाभण माद्या आणि पोरकी पिल्लं काही आठवडे घरी ठेवणारी माणसं कायम हवी असतात.

सहा जणांनी पिल्लू मागून ठेवलंय म्हणता. माझ्या यादीत आठ नावं होती. पिल्लं ८ आठवड्यांची होऊन न्यायची वेळ आली तेव्हा तिघं आले. कुणाची बदली झाली, कुणाच्या घरी नको म्हणाले, कुणाला मादीच हवी होती. उरलेल्या चार पिल्लांसाठी चांगली घरं शोधायला मला आणखी महिना लागला आणि लॅब्रॅडोरची तीन महिन्यांची चार पिल्लं एका घरात म्हणजे काय, हे शब्दांत सांगणं कठीण आहे. तीन आठवड्यांपर्यंत आई त्यांची घाण चाटून साफ करते, पुढे ती सगळी तुमची. शिवाय तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू माणसं, आवाज, मुलं, वाहनं यांना सरावतं ते सरावतं. त्यातला निम्माअधिक काळ ते तुमच्याकडे असणार. त्या दिवसांत प्रत्येक पिल्लाला वेगळं घेऊन, रोज नव्या गोष्टीची ओळख करून द्यावी लागते. हे झालं नाही तर चांगल्या रक्ताचं पिल्लूही भित्रं होतं आणि भित्रं मोठं कुत्रं चावतं. एक प्रश्न मिस्टरांसोबत बसून स्वतःला विचारा. ६ वर्षांनी यातलं एखादं कुत्रं लंगडत, मालकाला नकोसं होऊन तुमच्या दारात परत आलं, तर तुम्ही त्याला घरात घ्याल का? उत्तर द्यायला वेळ लागत असेल तर तेच उत्तर समजा.

आणि ती ‘दुसरी जाई’. मला वाटतं, सगळ्या पत्राच्या मुळाशी हेच आहे. तिच्यावर इतका जीव आहे की ती संपू नये असं वाटतं. पण पिल्लात जाईची निम्मीच जनुकं येणार, तीही कोणती निम्मी ते आपल्या हाती नाही. आणि तुम्हाला जी जाई आवडते, मुलांच्या शाळेच्या वेळा ओळखणारी, सासूबाईंच्या पायाशी हळूच येऊन बसणारी (तुम्ही लिहिलं नाहीत, पण बसत असणार), ती तुमच्या घरात ३ वर्षं राहून घडली आहे. नव्या पिल्लाला तुम्ही तेवढंच प्रेम दिलंत तर तेही घडेल, मग ते कुणाच्याही पोटचं असो.

एक्स-रेमध्ये सांधे खराब दिसले तर ब्रीडिंगचा विषय तिथेच सोडा. पुढचा माज उलटून दोन-तीन महिने झाले की नसबंदी करून घ्या, वजन काटेकोर ठेवा कारण नसबंदीनंतर ते भराभर वाढतं आणि सगळा भार त्याच सांध्यांवर येतो, आणि वेदनेवरचे उपचार लगेच सुरू करा. खुबे, कोपरं, डोळे, डीएनए, सगळं स्वच्छ निघालं आणि आखडण्याचं दुसरंच साधं कारण सापडलं, तर मला पुन्हा लिहा. जाई ३ वर्षांची आहे, वर्षभर थांबल्याने काही बिघडत नाही. मग नात्यात नसलेला आणि तिच्याइतक्याच चाचण्या झालेला नर कसा शोधायचा, दोघांची ब्रुसेला चाचणी का करायची (तो जंतू माणसांनाही लागतो आणि तुमच्या घरात लहान मुलं आहेत), रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजून जोडी लावायचा दिवस कसा ठरवायचा, ते सविस्तर सांगेन.

डॉक्टरांकडे जाण्याआधी एवढं करा. दवाखान्यात गेल्यावर कुत्री घाबरून ताठ उभी राहते, आखडणं दिसतच नाही, आणि डॉक्टर म्हणतात, ठीक चालतेय की. म्हणून उद्यापासून तीन दिवस, सकाळी जाई उठायच्या आधी मोबाइल घेऊन तिच्याजवळ जमिनीवर बसा. तिला हाक मारू नका. ती आपणहून उठेल तेव्हाचं आणि पुढच्या दहा पावलांचं चित्रण करा, एकदा बाजूने, एकदा मागून. पहिल्यांदा कोणता पाय टेकते, पुढे वाकून मागचा भार पुढच्या पायांवर घेते का, मागचे दोन्ही पाय एकत्र उचलते का, ते नीट दिसू द्या. ते तिन्ही व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा.